गव्हाणीवरची चक्की

चक्की चालवणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या घरी पीठ कोणाचं खातात? आणि तुमचे केस पिठानं पांढरे झाले की वयानं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही, इथेही देणार नाही. पहिल्याचं उत्तर मात्र मी तीस वर्षं मान वर करून देत होते, आणि गेल्या चैत्रात मला ते दुरुस्त करावं लागलं. ती दुरुस्ती लिहायलाच बसले आहे.

सिंदी रेल्वेहून चार-पाच मैलांवर आमचं गाव. तिथे मी आटाचक्की चालवली. ती ज्या जागेत होती ती जागा मुळात बैलांची. आमच्याकडे तिला कोठा म्हणतात. सागाचे खांब, हातभर रुंद मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आणि एका भिंतीला लागून विटांची लांबलचक गव्हाण, म्हणजे बैलांना चारा टाकायचा हौद. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी तिथे चार जोड्या बांधल्या जायच्या. माळ्यावर बैलांसाठी तुरीचं कुटार, आणि वेचणीच्या दिवसांत अर्धा कोठा कापसानं भरलेला. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैल आवारातल्या मांडवात हलवले होते आणि कोठ्यात चक्की बसवली होती. आधी ती डिझेलच्या इंजिनावर चालायची, पुढे विजेची मोटार आली.

चक्कीला खाली पक्का ओटा लागतो, नाहीतर ती थरथरून जागा सोडते. मामाजींनी ओटा बांधलाच नाही. कंबरेएवढी उंच, पक्क्या विटांची गव्हाण समोर तयार होती. तिच्यावर सागाच्या जाड फळ्या टाकल्या, फळ्यांवर चक्की ठोकली, फळ्यांखाली उघडं राहिलेलं गव्हाणीचं तोंड विटांनी बुजवलं आणि काम झालं. "बैलानं आपल्याले ओटा बांधून देल्ला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. या हुशारीचं कौतुक मी कितीदा ऐकलं आणि पुढे कितीदा ऐकवलं, याला गणती नाही.

पण बैलांना घराबाहेर काढल्याची टोचणी त्यांच्या मनात होती. म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला. चक्कीखाली जमिनीवर सांडलेला, झाडून गोळा केलेला आटा बैलांचा. तो घरात शिजवायचा नाही, कोणाला द्यायचा नाही, कोंबड्यांना टाकायचा नाही. पोळ्याच्या दिवशी त्याच आट्याचे गोळे गुळात मळून गावातल्या प्रत्येक जोडीला भरवायचे. हा नियम आम्ही कधी मोडला नाही. तेव्हा 'तुमच्या घरी पीठ कोणाचं' या प्रश्नावर मी छाती काढून म्हणायची, आमच्या वावरातल्या गव्हाचं. तुमच्या डब्यातलं सांडलं तर बैल खातात, आम्ही नाही.

चक्की माझ्या हाती आली ती मामाजींच्या खोकल्यामुळे. पिठानं त्यांची छाती भरली. आमच्या ह्यांना शेतीतून मान वर करायला वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरातून एकदा ओरडले, "मामाजी, दगड रिकामा फिरून राह्यला!" त्यांनी येऊन पाहिलं तर खरंच वरच्या टोपल्यात धान्य अडकलेलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "शोभे, तुह्या कानाले चक्की समजते. उद्यापासून तूच बस." सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःचं दळण घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, आणि वाटतं तेवढं अवघडही नाही. दोन दगड असतात. एक जागचा हलत नाही, दुसरा फिरतो. बाजूच्या चाकानं दगड जवळ आणले की पीठ बारीक, दूर केले की जाड. भाकरीला जवारी जरा रवाळ हवी, बेसन त्याहून बारीक, आणि पुरणपोळीची कणीक तर बोटात धरली तर लागू नये इतकी मऊ. दगड जितके जवळ, तितकं पीठ गरम आणि हलकं. दगडांभोवती लाकडी पेटी असते, पुढे नळी, नळीला कापडाची बाही आणि बाहीखाली गिऱ्हाइकाचा डबा. पेटीच्या मागच्या सांध्यात मामाजींनी बोटभर फट मुद्दाम ठेवली होती. "पेटीले श्वास पायजे, नाईतर कणीक करपते," असं त्यांचं शास्त्र होतं. मी ते जसंच्या तसं उचललं.

बाकीचं सगळं माणसं सांभाळण्याचं काम. वीज जायची तेव्हा बायका डबे रांगेत ठेवून घरी जात. माणसांची रांग मोडताना मी पाहिली आहे, डब्यांची कधी नाही. शनिवार मिरचीचा. त्या दिवशी आमचं कुत्रंसुद्धा गावाबाहेर राहायचं. एका मास्तरांना एकदा शिकेकाई दळून हवी होती. नाही म्हणता आलं नाही. नंतर दोन दिवस ज्या ज्या घरी भाकरी झाली त्या घरचा निरोप मला शिंकेसकट पोचला.

आणि मग तो 'घास'. दगडांच्या मध्ये आधीच्या दळणाचं मूठभर पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणजे गावात प्रत्येकाच्या भाकरीत शेजाऱ्याची भाकरी थोडी असतेच. गावातल्या दोन जावा वाटणीनंतर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. थोरली मला बजावून गेली, "तिच्या मांगून माह्यं टाकू नको." धाकटी तासाभरानं तेच सांगून गेली. मी दोघींच्या मध्ये दर वेळी त्या शिकेकाईवाल्या मास्तरांचा डबा ठेवायला लागले. अशी मी भारी व्यवहारी बाई. माझ्या चक्कीवर सगळ्यांचा न्याय होतो, असं मला वाटायचं.

एकदाच झाला नाही.

अनसाबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. घरची शेती बेताची, पण गावात तिला मान होता तो कोठीमुळे. लग्नघरात सामान ठेवायची एक खोली असते, गूळ, तूप, डाळ, कणीक, सगळं तिथे. त्या खोलीची किल्ली जिच्या कमरेला, ती कोठीवाली. नात्यातली बाई ठेवली की रुसवेफुगवे होतात, म्हणून लोक बाहेरची पण भरवशाची बाई शोधत. आमच्या गावात कोणाचंही लग्न असो, किल्ली अनसाबाईच्या कमरेला असायची. कणकेचं पोतं नुसतं हातानं उचलून ते किती पंगतींना पुरेल हे ती सांगायची, आणि तिच्या पुरणपोळ्यांना पार सेलूपर्यंत नाव होतं. साहजिकच ती कणीक सगळ्यात बारीक मागायची. "शोभे, अजून आवळ. अजून," असं म्हणत माझ्या डोक्यावर उभी.

एक दिवस सकाळी ती डबा घेऊन परत आली. कोठ्यात दहा-बारा जणी होत्या. डबा माझ्यासमोर ठेवून तिनं विचारलं, "माह्यी पावशेर कणीक कुठं गेली व?"

दहा किलो गहू तिनं दुकानात तोलून आणला होता, कणीक परत दुकानात तोलून पाहिली होती. थोडी घट प्रत्येक दळणात येते, मूठभर पीठ हवेत उडतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण पावशेर म्हणजे घट नव्हे. आणि पहिल्यांदा नाही, तीन वेळा तोलून मगच ती बोलायला आली होती.

माझं डोकं फिरलं. बैलांच्या आट्याला हात न लावणारे आम्ही, आणि आमच्यावर चोरीचा आळ! मी तिथल्या तिथे दुकानातून तराजू मागवला. रांगेत पुढचा डबा पुष्पाबाईचा होता, दहा किलो जवारी. सगळ्यांसमोर तोलली, सगळ्यांसमोर दळली, पीठ सगळ्यांसमोर तोललं. मूठभर कमी, बस.

अनसाबाई म्हणाली, "जवारीचं काऊन दाखवतं? माह्या गव्हाचं दाखव ना."

मी म्हणाले, "चक्की तीच, दगड तेच. तुमचा गहू काय जास्त लाडाचा हाय?"

कोठा हसला. मीही हसले. ती हसण्याची जागा मला नेमकी आठवते, चाकावर माझा उजवा हात होता. अनसाबाईनं डबा उचलला आणि पदर डोक्यावर घेऊन निघून गेली. पुन्हा माझ्या चक्कीवर ती आली नाही. महिन्यातून दोनदा बसनं सिंदीला जायची, दळणाचा डबा मांडीवर घेऊन.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण गावानं तिचं नाव पावशेरबाई ठेवलं. पुढच्या लगीनसराईत पुष्पाबाईच्या दिराच्या पोरीचं लग्न होतं. किल्ली दुसऱ्या बाईला गेली. खोटा आळ घेणारीच्या हाती कोठी कशी द्यायची, असं लोक म्हणाले. त्यानंतर कोणीच दिली नाही. लग्नांत ती पंगतीत बसून जेवायची आणि उठून जायची. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, तेव्हा नाही. मला वाटलं, तिचं तिनं ओढवून घेतलं.

वर्षं गेली. घरोघर घरघंट्या आल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या लटकायला लागल्या. आवारातले बैल गेले, आमचे हे गेले. पोळ्याला गावात दोन जोड्या उरल्या. दोन वर्षांपूर्वी मी मोटारीचं बटन शेवटचं बंद केलं. माझा मुलगा विनोद समुद्रपूरला शिक्षक आहे. शेती तोच बघतो. त्याला कोठा हवा होता हरभऱ्याची पोती ठेवायला आणि ट्रॅक्टर उभा करायला. माझी हरकत नव्हती. बैलांचा कोठा चक्कीचा झाला, चक्कीचा ट्रॅक्टरचा होईल. भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं होतं. त्याआधी गुरुवारी मिस्त्री आला, गव्हाणीचं बुजवलेलं तोंड फोडायला, म्हणजे वरच्या फळ्या ओढून काढता येतील.

दोन विटा निघाल्या आणि तो थांबला. "काकू, इकडं या बरं."

विटांच्या मागून पीठ बाहेर आलं. आधी धार, मग गोळे. त्यानं आणखी विटा काढल्या. आत गव्हाणीत पिठाचा ढीग होता, खाली दगडासारखा घट्ट झालेला, वर जाळी लागलेला, मधून मधून उंदरांची भुयारं. कोठ्यातले उंदीर मांजराला का भीत नसत ते तेव्हा कळलं. ते मांजराएवढेच होते.

मी चिमूटभर घेऊन बोटात चोळलं. रंग गेला होता, वास तर विचारूच नका, पण माझी बोटं चुकत नाहीत. गहू होता. अगदी बारीक, पुरणपोळीचा. हात कोपरापर्यंत घालून तीन-चार ठिकाणचं काढून पाहिलं. जवारीचा रवा कुठेच नाही.

मग मी फळ्यांवर चढून पेटीच्या मागे पाहिलं. मामाजींची ती बोटभर फट, आणि बरोबर तिच्याखाली दोन फळ्यांच्या मधली दुसरी फट. दगड सैल असताना पीठ जाड आणि जड, ते सरळ नळीतून खाली उतरतं. दगड आवळले की पीठ हलकं, बाहीतून पटकन निघत नाही, दगडांच्या वाऱ्यानं मागे रेटलं जातं. ते पेटीचा श्वास होऊन गव्हाणीत पडत होतं. जितकी बारीक कणीक, तितकी जास्त. आणि गावात सगळ्यात बारीक कणीक कोणाची?

मी मिस्त्रीला म्हटलं, "काम थांबव." आणि तिथेच कोठ्याच्या उंबऱ्यावर बसून रडले. मिस्त्री बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. मला मामाजींचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. जवारीचं काऊन दाखवतं, असं ती मला तोंडावर म्हणाली होती. चक्कीची जाणकार मी होते, ती नव्हती. बारीक आणि जाड यातला फरक मी गावाला शिकवत होते, आणि त्या दिवशी मीच तो विसरले, कारण मला जिंकायचं होतं.

वाटीभर ते पीठ घेऊन मी अनसाबाईकडे गेले. आता तिची ऐंशी वर्षं झाली, डोळ्यांत वडस वाढून दिसेनासं झालेलं. ओसरीवर वाळलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी वाटी पुढे ठेवली, काय सापडलं ते सगळं सांगितलं. तिनं बोटात पीठ चोळलं.

"माह्यीच हाय," ती म्हणाली. "बारीक हाय."

"अनसाबाई, माह्यं चुकलं. तुमी खरं बोलत होत्या."

तिनं वाटी माझ्याकडे सरकवली. "हे मले काऊन सांगून राह्यली? मले तं तवाच ठाऊक होतं. ज्यायले ठाऊक नाई त्यायले सांग."

मी घरी आले आणि विनोदला सांगितलं, रविवारी चक्की चालू करायची. तो म्हणाला, "आई, सोमवारी ती भंगारात जाते आहे." मी म्हटलं, म्हणूनच रविवारी.

मीटर कापलेलं नव्हतं. पट्टा वाळला होता, तो बदलला. दगड घासले, धुतले, कोंडा दळून दोनदा साफ केले. गव्हाण निम्मी उपसून घेतली, फट मात्र होती तशीच ठेवली. तेव्हाच्या दहा-बारा जणींपैकी सहा उरल्या होत्या. सगळ्यांना घरी जाऊन बोलावणं केलं. दुकानातून काटा आणला. अनसाबाई नातसुनेच्या हाताला धरून आली, सोबत तिचा तोच पत्र्याचा डबा, दहा किलो गहू.

मी सगळ्यांना उघडं सांगितलं की आज कशासाठी बोलावलं आहे. मग गहू तोलला, टाकला, चाक आवळलं. मागून आवाज आला, "अजून आवळ. अजून."

एकदा मनात भीती आली. इतक्या वर्षांत फट बुजली असली तर? वजन बरोबर भरलं तर ही बाई दुसऱ्यांदा खोटी ठरेल, आणि तीही मीच बोलावलेल्या लोकांसमोर. माझ्या चक्कीत पीठ कमी भरावं म्हणून मी देवाचं नाव घेतलं. असं करणारी चक्कीवाली दुसरी झाली नसेल.

डबा काट्यावर ठेवला. आकडे थांबले. नऊ किलो सातशे.

मूठभर घट धरा. बाकी पावशेर.

मी मिस्त्रीला खूण केली. त्यानं गव्हाणीच्या तोंडातून फटीखाली धरलेली ताटली बाहेर काढली. तिच्यात ताजी, गरम कणीक होती. ती ताटली सहा जणींच्या हातातून फिरली. पुष्पाबाईनं ती सगळ्यात जास्त वेळ धरली.

"मंग बुढी तवाबी खरंच सांगत होती," ती हळूच म्हणाली.

"हाव," मी म्हणाले. "आन मी हसली होती. आपन समद्याच हसलो होतो."

अनसाबाईनं ना मान हलवली, ना डोळे पुसले. ती म्हणाली, "झालं तुह्यं? आता ते भोक बुजव. आज परत माह्यीच कणीक गेली ना." यावर कोठा पुन्हा हसला, पण या वेळी तीही हसली.

सोमवारी चक्की गेली. दगड मात्र मी ठेवून घेतले, ते आवारात तुळशीपाशी आहेत. कोठ्यात आता विनोदची पोती आणि ट्रॅक्टर आहे. गव्हाण मी पाडू दिली नाही. जुनं पीठ खड्ड्यात पुरलं, आणि रविवारची ती ताटलीभर कणीक नियमाप्रमाणे गावातल्या बैलांना दिली. तेव्हा आता कोणी विचारलं की तुमच्या घरी पीठ कोणाचं, तर मी सांगते: आम्ही आमचंच खाल्लं, पण आमच्या गव्हाणीनं अनसाबाईचं खाल्लं.

वैशाखात पुष्पाबाईच्या नातवाचं लग्न निघालं. ती आधी माझ्याकडे आली, म्हणाली, "तू संग चाल. एकटीले मले जमाचं नाई." आम्ही दोघी अनसाबाईच्या ओसरीवर गेलो. पुष्पाबाईनं तिला हळदीकुंकू लावलं आणि कोठीची किल्ली पुढे धरली.

अनसाबाईनं हात लांब करून किल्ली चाचपली. "पुष्पे, आता मले दिसत नाई व. गूळ कुठं न् डाळ कुठं, मले नाई समजाचं."

"मंग राहू दे का?" पुष्पाबाईनं हात मागे घेतला.

म्हातारी ताठ बसली. "राहू दे काऊन? आण इकडं. कोठी तुही सून सांभाळन. किल्ली माह्या कमरेले राहीन."